सोसायटीच्या गार्डनसाठी झोके-घसरगुंडी घेताय? रंग नंतर, आधी पाय बघा

आमची सोसायटी ऐरोलीला, खाडीच्या बाजूला. मागच्या कमिटीने गार्डनमध्ये नवीन सेट बसवला होता, लाल-पिवळा-निळा, फोटोत एकदम भारी. तिसरा पावसाळा गेला आणि झोक्याच्या स्टँडचा एक पाय हलायला लागला. वॉचमनने सहज बुटाने ठोकून बघितलं तर जमिनीलगत पाइप बिस्किटासारखा तुटला, आणि वरचा रंग तेव्हाही चकचकीत! व्हेंडर म्हणाला पोरं जास्त दंगा करतात. म्हणजे गार्डनमध्ये पोरांनी करायचं तरी काय.

यावेळी नवीन सेट घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं, म्हणून रबाळ्याच्या दोन-तीन फॅब्रिकेटरांकडे चकरा मारल्या, त्यातनं जे कळलं ते लिहितोय.

मुळात पाइप आतून गंजतो. वेल्डिंगच्या फटीतनं, बोल्टच्या भोकातनं पाणी आत जातं, खाली साचतं, आणि आपल्याकडे चार महिने पाऊस, वर खाडीचा खारट वारा. पावडर कोटिंग, म्हणजे पावडर मारून भट्टीत भाजलेला रंग, फक्त बाहेरून असतं, आतला गंज ते थांबवू शकत नाही. म्हणून कोटेशनमध्ये नुसतं 'पावडर कोटेड एमएस पाइप' (एमएस म्हणजे साधं लोखंड) लिहिलं असेल तर तिथेच थांबा. 'जीआय पाइप वापरलाय साहेब' (जीआय म्हणजे आधीच जस्ताचा थर दिलेला) हे पण अर्धंच खरं असतं, कारण जीआय पाइप कापून वेल्ड केला की त्या जागेवरचं जस्त जळून जातं, मग वरून चंदेरी रंग मारतात आणि गंज बरोबर त्या जॉइंटपासून सुरू होतो.

मागायचं काय, तर सगळं कटिंग, वेल्डिंग, भोकं पाडून झाल्यावर अख्खी फ्रेम हॉट डिप गॅल्वनाइज. म्हणजे ॲसिडने साफ करून साधारण 450 डिग्रीच्या वितळलेल्या जस्तात बुडवायची, मग जस्त पाइपच्या आतूनही बसतं. आणि थोडा ओरखडा आला तरी आजूबाजूचं जस्त आधी स्वतः झिजतं, लोखंडाला वाचवतं, रंगाला हे जमत नाही. तीन ते सहा मिमी जाडीच्या लोखंडावर सरासरी 70 मायक्रॉन थर मागा, मोजायचं छोटं मशीन असतं, डिलिव्हरीला समोर मोजून घ्या. अजून एक खूण, बंद पाइप तसाच टाकीत बुडवला तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन तो फुटू शकतो, म्हणून फ्रेमला हवा जायला भोकं ठेवावीच लागतात. ती कुठे आहेत ते विचारा. समोरचा गडबडला तर समजून जा.

रंग हवाच असेल तर जस्तावर पावडर कोटिंग करा, पण पॉलिस्टर पावडर. एपॉक्सी पावडर घरातल्या कपाटाला ठीक, उन्हात पांढरी पडते, हात फिरवला की खडू लागल्यासारखं होतं.

पाइपची जाडी बोलण्यात 'हेवी हेवी' असते. पाइपवरचा पट्टा बघा, पिवळा म्हणजे ए क्लास, निळा बी, लाल सी. दोन इंची बी क्लास 3.6 मिमी, सी क्लास 4.5. रंग दिल्यावर पट्टा दिसत नाही, म्हणून फॅब्रिकेशन चालू असतानाच एकदा जाऊन या, रविवारी दुपारी जीवावर येतं पण जा.

स्टेनलेस स्टीलचं ऐकून कमिटी खूश होते. खाडीजवळ नेहमीच्या 304 ग्रेडवर पण तपकिरी डाग येतात, 316 ग्रेडमध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून ते मीठ जास्त सहन करतं, पण महाग. आणि 304 म्हणून स्वस्तातलं 202 देणारे आहेत, तिथे लोहचुंबक लावून काही कळत नाही कारण दोन्हीला तो जवळपास चिकटतच नाही. टेस्ट सर्टिफिकेट मागा. माझं मत, अख्खा सेट स्टेनलेसचा नको, फक्त नट-बोल्ट आणि हाताला लागणारे दांडे घ्या. एप्रिल-मे मध्ये स्टीलची घसरगुंडी तापते किती, ते पोरांच्या मांड्यांना विचारा.

घसरगुंडी रोटोमोल्डेड, म्हणजे साचा गरम करून फिरवत बनवलेल्या प्लास्टिकची घ्या, त्यात एलएलडीपीई जातीचं प्लास्टिक, यूव्ही स्टॅबिलाइज्ड, म्हणजे उन्हाने लवकर खराब न होणारं. रंग आतपर्यंत असतो, ओरखडा दिसत नाही. गडद रंग मात्र नको, तो पण तापतो. फायबरवाली सुरुवातीला छान गुळगुळीत, पण वरचा थर झिजला की काचेचे तंतू बाहेर येतात आणि मग खाज, काटे, आयांच्या तक्रारी. लाकूड आमच्या हवेत मी तरी घेणार नाही, वाळवी आणि पाऊस दोघांची सोय.

झोक्याची साखळी गॅल्वनाइज्डच घ्या, आणि वर जिथे कडी कडीवर घासते तिथे दर सहा महिन्यांनी हात लावून बघा, जस्त तिथूनच पहिलं जातं. प्लास्टिकची दोरी उन्हाने कुसकरते, तिच्या नादाला लागू नका.

आता परत पाय. पाइप काँक्रीटमध्ये शिरतो ती जागा सगळ्यात वाईट, पाणी आणि माती तिथेच साचते. काँक्रीट मातीच्या थोडं वर आणा, पाइपपासून बाहेर उतार द्या, आणि माळीकाकांना सांगून ठेवा की तिथे पाइपने पाणी मारायचं नाही, खत टाकायचं नाही. आमच्याकडे नेमकं तेच होत होतं. खाली जिथे पोरं पडतात तिथे पेव्हर ब्लॉक ठेवू नका, रबर किंवा वाळू, आणि पाण्याचा निचरा आधी.

हे सगळं कोटेशनमध्ये एकेक ओळीत लिहून घ्या आणि शेवटचे दहा टक्के पेमेंट पहिला पावसाळा गेल्यावर द्यायचं ठरवा. आमच्या व्हेंडरने आधी नाक मुरडलं, मग तयार झाला. बसवायचं काम दिवाळीनंतर, कारण आत्ता जूनमध्ये खड्डे खणले तर त्यात आधी बेडकंच खेळतील.