लिफ्ट केलेल्या गाडीच्या मागच्या लिंक पुन्हा जागेवर कशा आणाव्यात

कॉइल स्प्रिंग आणि पाच लिंकची (मागचा अ‍ॅक्सल चासीला जोडणारे दोन लोअर आणि दोन अप्पर दांडे, शिवाय आडवा पॅनहार्ड रॉड) गाडी ७५ मिमी उचलली की मागचा अ‍ॅक्सल जागेवर राहत नाही. लोअर लिंक ५०० मिमी लांब आहे आणि तिचं मागचं टोक पुढच्यापेक्षा ५० मिमी खाली आहे असं धरा. लिफ्टनंतर हा फरक १२५ मिमी होतो आणि अ‍ॅक्सल सुमारे १३ मिमी पुढे सरकतो. तिरका झालेला पॅनहार्ड रॉड त्याला चासीकडच्या टोकाच्या बाजूला ओढतो, ते वेगळंच.

अ‍ॅडजस्टेबल लिंक टाकल्या की काम झालं, असा समज सर्रास आढळतो. लांबी वाढवून अ‍ॅक्सल मागे जातो. लिंकचा उतार तसाच राहतो. वळणावर मागची बाजू स्वतःच वळू पाहते, चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच मागून गाडी उठते, चाकं उड्या मारतात, ते या उतारामुळे. म्हणून आधी उतार कमी करायचा, लांबी नंतर.

नेहमीचं सामान भरून गाडी सपाट जागेवर उभी करा आणि हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्हीकडे टिपून ठेवा. मग चासी स्टँडवर घेऊन अ‍ॅक्सल जॅकने त्याच उंचीवर आणा.

लोअर लिंकची चासीकडची टोकं ड्रॉप ब्रॅकेटने खाली घ्या. पूर्ण ७५ मिमी उतरवायचा हट्ट नको: ब्रॅकेट सगळ्यात आधी दगडाला लागतो. ४०-५० मिमी पुरे.

आता लोअर लिंकची लांबी. दोन्ही सारख्या ठेवा. चासीवरच्या समोरासमोरच्या भोकांपासून अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर डावी-उजवीकडे ३ मिमीच्या आत जुळलं पाहिजे. अप्पर लिंकने पिनियनचा (अ‍ॅक्सलमधल्या, शाफ्टला जोडलेल्या गिअरच्या दांड्याचा) कोन ठरतो. प्रोपेलर शाफ्टला दोन्ही टोकांना साधा क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) असेल, तर पिनियन ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) आउटपुटला समांतर हवा. ट्रान्सफर केसकडे डबल क्रॉस (लागोपाठ दोन जॉइंट) असेल, तर पिनियन थेट शाफ्टच्या रेषेत, पण एक-दोन अंश खाली. कारण जोर आला की पिनियन वर उचलला जातो.

पॅनहार्ड रॉड शेवटी. ओळंबा सोडून दोन्ही चाकं बॉडीपासून सारख्या अंतरावर आणा. अ‍ॅक्सलकडचा ब्रॅकेट उंच केलात तर त्याला आडवा आधार वेल्ड करा, नाहीतर आडव्या जोराने तो फाटतो.

लिंकच्या टोकांतल्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच टॉर्क रेंचने आवळा. चाकं लोंबकळत असताना आवळले तर बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकरच फाटतात. अ‍ॅडजस्टेबल लिंकचे लॉक नटही आत्ताच.

ब्रेकचा होज पूर्ण खाली झुकलेल्या अ‍ॅक्सलला पुरतो का, ते बघा. लोड सेन्सिंग व्हॉल्व (भारानुसार मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा) असेल तर त्याची दांडी नव्या उंचीला जुळवा, नाहीतर उंच झालेली गाडी रिकामी आहे असं समजून तो मागचा ब्रेक कमी करतो. शंभर-दीडशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा.