डिझेल व्हॅनचा टेम्परेचर सेन्सर: बदलण्याआधी या चुका टाळा

सकाळी व्हॅन सुरू व्हायला कुरकुर करते, इंजिन गार असतानाच रेडिएटरचा फॅन सुरू होतो, तापमानाचा काटा मध्येच खाली पडतो. मग कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान मोजणारा 'सेन्सर गेला' म्हणून नवा बसवला जातो आणि तक्रार जिथल्या तिथे. न मोजता पार्ट बदलणं, ही पहिली चूक.

दुसरी चूक म्हणजे स्कॅनरवर बिघाडाचा कोड वाचला की थांबणं. पी०११८ म्हणजे सेन्सरच्या सर्किटचं व्होल्टेज प्रमाणाबाहेर जास्त, पी०११७ म्हणजे फार कमी. दोन्हींत दोष तारेचाही असू शकतो. स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे त्या क्षणाचे आकडे, उघडा. तिथे उणे ४० अंश दिसत असेल तर सर्किट कुठेतरी तुटलं आहे. दोन पिनांचा सेन्सर असेल तर कनेक्टर काढून त्यातल्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडा. आकडा एकदम १३०-१४० च्या घरात गेला तर वायरिंग आणि ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) ठीक आहेत, सेन्सरच गेलाय. उणे ४० वरच राहिला तर तार शोधा. तीन-चार पिनांच्या सेन्सरवर मात्र हा प्रयोग वायरिंगचा नकाशा पाहिल्याशिवाय करू नका. काही गाड्यांत बिघाड कळताच ईसीएम ठरावीक पर्यायी आकडा दाखवतो. अशा वेळी इग्निशन चालू ठेवून काढलेल्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. साधारण ५ व्होल्ट मिळायला हवेत.

रेझिस्टन्स एकाच तापमानाला मोजून सेन्सरला पास करू नका. इंजिन तापतं तसा तो कमी होतो. अनेक सेन्सरमध्ये २० अंशांना दोन-तीन हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास येतो. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरा. गार असताना बरोबर आणि तापल्यावर चुकणारे सेन्सर असतात.

मला सगळ्यात भरवशाची वाटते ती सकाळची तपासणी. गाडी रात्रभर उभी असेल तर कूलंट, आत येणारी हवा आणि बाहेरचं तापमान यांत चार-पाच अंशांपेक्षा जास्त फरक नसावा. कूलंटचाच आकडा बराच वर असेल तर ईसीएमला इंजिन गरम वाटतं, ग्लो प्लग (गार इंजिन सुरू होण्यासाठी सिलिंडर तापवणारे प्लग) पुरेसे तापत नाहीत आणि गाडी पांढरा धूर सोडत कष्टाने सुरू होते.

थर्मोस्टॅटचं, म्हणजे रेडिएटरकडे जाणारं कूलंट अडवणाऱ्या-सोडणाऱ्या व्हॉल्व्हचं, खापर सेन्सरवर फोडणं तर नेहमीचंच. मोकळ्या रस्त्यावर तापमान ६०-७० पर्यंत उतरतं आणि ट्रॅफिकमध्ये पुन्हा चढतं, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. सेन्सर खरं तेच सांगतोय.

जुन्या व्हॅनमध्ये काट्याचा आणि ईसीएमचा सेन्सर वेगळा असू शकतो. कोणता काढताय ते पाहा. कनेक्टरमधला हिरवट गंजही साफ करा.

आणि गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडून सेन्सर काढायला बसू नका. उकळतं कूलंट अंगावर उडतं. नवा बसवल्यावर कूलंटची पातळी भरा, हवा काढा. सेन्सरच्या टोकाशी हवेचा बुडबुडा राहिला तर नवा सेन्सरही चुकीचाच आकडा दाखवेल.