लेटरहेडसाठी पहिल्याच पानाला वेगळा मार्जिन

सोसायटीची दोन-तीन पानी नोटीस लेटरहेडवर छापायची असली की पहिल्या पानावर छापील नावासाठी वर जागा लागते, पुढची पानं मात्र साधी. मी कित्येक वर्षं वर आठ-दहा एंटर मारून जागा सोडायचो. मग फाँट बदलला की मजकूर सरकायचा आणि 'सर्व सभासदांस' थेट नोंदणी क्रमांकावर छापलं जायचं!

लिब्रेऑफिस रायटर या वर्डसारख्या सॉफ्टवेअरमध्ये यावर सरळ उपाय आहे:

१. कर्सर पहिल्या पानावर ठेवून एफ ११ दाबा. उजवीकडे स्टाइल्सची (तयार मांडण्यांची) पट्टी उघडेल.
२. पट्टीच्या वरच्या भागातलं पेज स्टाइल्सचं चिन्ह निवडा आणि 'फर्स्ट पेज'वर डबल क्लिक करा.
३. त्याच नावावर राइट क्लिक करून बदल करायची खिडकी उघडा. 'पेज' टॅबमध्ये वरचा मार्जिन ५ सेंमी करा. आधी लेटरहेडवरची छापील जागा फूटपट्टीने मोजा, अंदाजपंचे नको.
४. तिथेच पहिल्या टॅबमध्ये 'नेक्स्ट स्टाइल'समोर 'डिफॉल्ट पेज स्टाइल' आहे ना, ते बघा. सहसा असतंच.

झालं. आधी मारलेले एंटर तेवढे काढून टाका. मजकूर दुसऱ्या पानावर गेला की मार्जिन आपोआप नेहमीचा होतो. पान क्रमांकही हवा तर फक्त डिफॉल्ट पेज स्टाइलच्या फूटरमध्ये (पानाच्या तळाशी) टाका, पहिल्या पानावर क्रमांक येणार नाही.

एक जपा: फाइल वर्डच्या डॉक्सएक्समध्ये सेव्ह केली तर हा वेगळा मार्जिन बिघडू शकतो. मूळ प्रत ओडीटीतच (रायटरच्या स्वतःच्या फाइल प्रकारात) ठेवा, सेक्रेटरींना पीडीएफ पाठवा.