सायटोकाइनचा तक्ता पाठ करण्याआधी

सायटोकाइन म्हणजे पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ते रेणू. एमएस्सीला असताना त्यांचा तक्ता मी परीक्षेच्या आदल्या रात्री घोकला होता. रेणू, तो सोडणारी पेशी, त्याचं काम, असे तीन रकाने. मार्क मिळाले आणि महिन्याभरात सगळं विसरलेही. पुढे टीबीवरच्या एका प्रकल्पात सहायक म्हणून लागले, तेव्हा कळलं की त्या तक्त्यात चौथा रकाना हवा होता: कधी?

टीबीचा जंतू फुप्फुसातल्या वायुकोशात पोचला की मॅक्रोफेज पेशी त्याला गिळते. एरवी गिळलेल्या जंतूची पिशवी लायसोसोमला जाऊन मिळते आणि तिथल्या आम्लात, विकरांत जंतूचा निकाल लागतो. हा जंतू ती भेटच होऊ देत नाही, गिळणाऱ्याच्याच पोटात बिऱ्हाड थाटतो. मग डेन्ड्रायटिक पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतल्या खबऱ्या, जंतूचे तुकडे घेऊन लसिकाग्रंथीत जातात, आयएल-१२ हा सायटोकाइन सोडतात आणि त्या इशाऱ्यावर या जंतूला ओळखणाऱ्या टी पेशी तयार होतात. त्या फुप्फुसात येऊन इंटरफेरॉन गॅमा हा दुसरा सायटोकाइन सोडतात, तेव्हा कुठे मॅक्रोफेजला आतला जंतू मारायची ताकद येते. यात आठवडे जातात. संसर्गानंतर मांटू, म्हणजे टीबीसाठीची त्वचेवरची चाचणी, पॉझिटिव्ह यायला दोन ते आठ आठवडे लागतात ते म्हणूनच.

नव्यांनी आधी रिव्ह्यू, म्हणजे आढावा घेणारे लेख, वाचू नयेत, असं माझं मत आहे. १९९३चे उंदरांवरचे दोन पेपर वाचा. इंटरफेरॉन गॅमाचा जीनच काढलेले उंदीर टीबीपुढे टिकले नाहीत, हे अमेरिकेतल्या दोन गटांनी एकाच वर्षी दाखवलं. मग १९९६चे वाचा: या रेणूचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचा त्याचा निरोप घेणारा भाग, जन्मतःच सदोष असलेली मुलं एरवी निरुपद्रवी असणाऱ्या मायकोबॅक्टेरियांनीही गंभीर आजारी पडत होती, काहींना तर बीसीजीची लसच बाधली. एवढं वाचल्यावर तो रेणू पाठ करावा लागत नाही.

आता माझा गाढवपणा. टीबीच्या संसर्गासाठीच्या ज्या रक्तचाचणीला सगळे ‘टीबी गोल्ड’ म्हणतात तिच्यात रक्त चार नळ्यांत घेतात. एक कोरी, दोनांत टीबीच्या जंतूची प्रथिनं आणि चौथीत मायटोजेन, म्हणजे टी पेशींना सरसकट चेतवणारा पदार्थ. (ही प्रथिनं बीसीजीच्या जंतूत नाहीत, म्हणून लहानपणीची लस इथे घोळ घालत नाही.) नळ्या ३७ अंशांना १६ ते २४ तास ठेवायच्या आणि मग एलायझा करून, म्हणजे खान्यांच्या प्लेटवर येणाऱ्या रंगावरून, इंटरफेरॉन मोजायचं. मी रक्ताचे नमुने म्हणून सवयीने त्या रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्या. दुसऱ्या दिवशी प्लेटवर रंग जवळजवळ आलाच नाही, मायटोजेनच्या खान्यांतसुद्धा. सीनियर ताई एवढंच म्हणाली, “गारठलेल्या पेशी बोलतील कशा?” तेव्हापासून मी प्लेट वाचताना आधी मायटोजेन बघते. तोच गप्प असेल तर ‘निगेटिव्ह’ या शब्दाला अर्थ नाही.

टीएनएफ हा आणखी एक सायटोकाइन मात्र मला प्रयोगशाळेत नाही, घरी समजला. मावशीला आमवात आहे. सांधे सुजवण्यात टीएनएफचा मोठा हात असतो, म्हणून तो अडवणारं इंजेक्शन द्यायचं ठरलं आणि डॉक्टरांनी आधी टीबी गोल्ड आणि छातीचा एक्स-रे सांगितला. कारण हाच टीएनएफ फुप्फुसात जंतूंभोवती पेशींची तटबंदी, म्हणजे ग्रॅन्युलोमा, टिकवून धरतो. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ अडवणारं औषध घेणाऱ्या ७० जणांना टीबी झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली, त्यांतल्या बहुतेकांना पहिल्या तीन डोसांच्या आतच. उलट टीएनएफ अति झाला तर मॅक्रोफेजच फुटून मरतात आणि जंतू मोकळे सुटतात, हे झेब्रा माशांत दिसलंय. त्यामुळे ‘टीएनएफ चांगला की वाईट’ असं कुणी विचारलं, की मी कुठे आणि किती ते आधी विचारते.

मावशीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. “अगं, ते इंटरफेरॉन जंतूशी लढतं म्हणालीस ना? मग जास्त आलं ते बरंच की!”

“मावशी, तुझ्या पेशींची त्या जंतूशी ओळख आहे, एवढंच यातून कळतं. तो झोपलाय की जागा आहे, ते नाही कळत.”

एक्स-रे स्वच्छ होता, खोकला-ताप काही नव्हता. डॉक्टरांनी आधी टीबी-प्रतिबंधक गोळ्या सुरू केल्या आणि इंजेक्शन महिनाभर पुढे ढकललं.