तालुक्याच्या गावात होर्डिंग लावायचंय? पहिले बाजाराच्या दिवशी जागेवर जाऊन उभे राहा

वणी, दारव्हा, वरुड असल्या गावात होर्डिंग लावायचं म्हटलं की लोक पहिले डिझाईन घेऊन बसतात, फोटो आजोबाचा टाकायचा की देवाचा यातच दोन दिवस जातात, अन् जागा मात्र एजंट दाखवेल ती. उलटं करा. पैसे द्यायच्या आधी आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी तिथं जाऊन उभे राहा, खेड्यातलं गिऱ्हाईक कोणत्या रोडनं गावात शिरते ते पाहा, बोर्डाचं तोंड तिकडंच पाहिजे. अन् सूर्य बोर्डाच्या मागून येत असला तं सकाळी येणाऱ्याला नुसता काळा चौकोन दिसते हेही तिथंच कळेल. मधात गुलमोहर असेल तं मार्चमध्ये पानं नसतात म्हणून फसू नका, जूननंतर अर्धा बोर्ड झाकला जाते.

चाळीसच्या स्पीडची गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. बोर्ड ५० मीटरवरून दिसला तरी वाचायला पाच सेकंदही भेटत नाहीत, म्हणून ब्रेकर किंवा रेल्वे फाटकाजवळची जागा महाग असली तरी परवडते.

आता मजकूर. नाव, काय भेटते, दुकान कुठं (एसटी स्टँडच्या मागं वगैरे) अन् एक नंबर, बस. सतरा डीलरशिपचे लोगो कोणी वाचत नाही बाप्पा. अक्षराचा साधा हिशोब आहे, दर १० फुटांमागं १ इंच उंची, म्हणजे १०० फुटांवरून वाचायचं असेल तं अक्षर निदान १० इंच. प्रिंटिंगवाल्याला फाईल देताना अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे अक्षराचं चित्र बनवून) द्या, नाही तं त्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की मराठीचा पार कचरा होते, अन् व्हॉट्सॲपवर प्रूफ आलं की झूम करून रफार, जोडाक्षरं अन् फोन नंबर एकेक तपासा, घरातल्या दुसऱ्या कोणाले तरी वाचायला लावा.

परवानगी सोडू नका. गावात नगर परिषद नाही तं नगरपंचायत, खेड्यात ग्रामपंचायत, रोडच्या हद्दीत येत असेल तं बांधकाम विभागालाही विचारा, शिवाय जागामालकाची लेखी संमती. विनापरवानगी लावलं तं १९९५ च्या मालमत्ता विद्रूपीकरण कायद्यात गुन्हा होतो. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग पडून १७ जण गेले, तेव्हा लोखंडी सांगाडा असेल तं इंजिनिअरचं मजबुतीचं सर्टिफिकेट मागाच, मे-जूनचं वावधन आपल्याकडंही काही कमी नसते. फ्लेक्सला कडेनं दुमड मारून आयलेट (दोरी ओवायच्या धातूच्या कड्या) जवळजवळ लावून घ्या, कोपरा एकदा सुटला की रात्रभरात चिंध्या होतात.

बियाणं-खताची जाहिरात पेरणीच्या आधी, कपडा-सोनं दिवाळीच्या आधी, कापूस विकून हातात पैसा येते तेव्हा गाडी-ट्रॅक्टर. वर्षभर एकच फ्लेक्स ठेवू नका, विदर्भाच्या उन्हात लाल रंग पहिले उडते.

करारात भाडं, मुदत, लाईटबिल कोणाचं हे तं लिहालच, पण एक कलम आवर्जून टाका: तुमच्या बोर्डावर भाऊंच्या वाढदिवसाचा बॅनर चढला तं दोन दिवसांत कोण काढणार. तुम्ही स्वतः काढायला गेले की भांडण ठरलेलं, ते मालकाच्या गळ्यात असू द्या. अन् जुना फ्लेक्स कोणाचा हेही आधीच ठरवा, सोयाबीनच्या गंजीवर झाकायले सगळ्यांनाच पाहिजे असते.