वॉरंटी संपायच्या आधीचे दोन महिने

नव्या गाडीची डिलिव्हरी घेताना नारळ फोडतो, पेढे वाटतो, फोटो काढतो. वॉरंटी संपते त्या दिवशी मात्र घरात कुणाला पत्ताही नसतो. तेव्हा आधी ग्लव्ह बॉक्समधली पुस्तिका बाहेर काढा आणि तारीख बघा. 'तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी होईल ते' या ओळीतले शेवटचे शब्दच महत्त्वाचे. आठवड्यातून तीनदा पुणे-मुंबई-पुणे करणाऱ्याचा लाख सव्वादोन वर्षांतच भरतो. आणि शेजाऱ्याच्या गाडीवरून अंदाज बांधू नका. मारुतीने जुलै २०२४ मध्ये दोन वर्षं/४०,००० किलोमीटरची वॉरंटी तीन वर्षं/१,००,००० किलोमीटर केली. त्याआधी घेतलेल्या गाडीचा हिशेब वेगळा. संपायच्या दोन महिने आधीची तारीख कॅलेंडरवर मारून ठेवा.

मग पंधरा दिवस गाडीची दुखणी लिहा. 'खडखड येते' एवढ्याने भागत नाही. डावीकडून की उजवीकडून, स्पीडब्रेकरवर की सपाट रस्त्यावर, किती वेगाला, एसी चालू असताना की बंद असताना, हे सगळं लिहा. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. सकाळी थंड इंजिन चालू करताना येणारा आवाज अकरा वाजता सर्व्हिस सेंटरला पोचेपर्यंत गायब झालेला असतो. असं असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी तिथे ठेवायची आणि सकाळी त्यांच्यासमोरच चावी फिरवायची.

यादी झाली की ती चाळा, कारण त्यातलं सगळंच वॉरंटीत बसत नाही. वॉरंटी असते ती कारखान्यात राहिलेल्या दोषाची. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंगचं वळण पुढच्या चाकांपर्यंत नेणारा भाग), एसीचा कॉम्प्रेसर, काच खाली-वर करणारी मोटर यांत असा दोष निघाला तर काम फुकट होतं. ब्रेक पॅड, वायपर, फिल्टर, बल्ब हे झिजणारच, त्यांचे पैसे आपलेच. सर्वांत जास्त भांडणं क्लच प्लेटवरून होतात. घाटात अर्धा क्लच दाबून गाडी धरणाऱ्याला सर्व्हिसवाले 'तुमच्या चालवण्याने जळली' असं सांगतात, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा ते बरोबरच असतात. बॅटरी आणि टायर यांची वॉरंटी सहसा त्या-त्या कंपनीची असते. त्यांचे नंबर आणि कार्डं वेगळी काढून ठेवा. पावसाळ्यात पाण्यातून गाडी नेली आणि इंजिनात पाणी शिरलं, तर तो विम्याचा विषय, तोही इंजिनचं वेगळं कव्हर घेतलेलं असेल तर. उंदराने वायरी कुरतडल्या तर वॉरंटीचं नावच काढू नका.

आता कागद. सगळ्या सर्व्हिसची बिलं तारखेप्रमाणे लावा. एखादी सर्व्हिस चुकली असेल तर तोच मुद्दा पुढे येणार, हे धरून चाला. बाहेरून मोठा हॉर्न, जादा दिवे किंवा म्युझिक सिस्टिम बसवताना मूळ वायर कापली असेल, तर त्या सर्किटमधला बिघाड तुमच्या गळ्यात पडतो. बाहेर बसवलेल्या सीएनजी किटचंही तेच.

सर्व्हिस सेंटरला गेलात की प्रत्येक तक्रार जॉबकार्डवर लिहून घ्यायची. इथे मी स्वतः फसलो आहे. पुढच्या डाव्या चाकाकडचा टकटक आवाज सांगितला, तर सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर हसून म्हणाला, "एवढा आवाज सगळ्याच गाड्यांना असतो, साहेब." मीही हसलो आणि घरी आलो. वॉरंटी संपल्यावर तीन आठवड्यांनी स्टिअरिंग रॅक गेल्याचं निघालं. मी आधी तक्रार केली होती, हे दाखवायला कागदाचा चिटोराही नव्हता. तेव्हा 'दोष आढळला नाही' असंच लिहिणार असतील तरी लिहू द्या. तारीख, ओडोमीटरचा आकडा आणि तक्रार त्या कागदावर येते. प्रत जपून ठेवा. आणि बदललेल्या पार्टला नव्याने तीन वर्षं मिळतील अशी आशा धरू नका, त्याला साधारणपणे मूळ वॉरंटीतले उरलेले दिवसच मिळतात.

काम नाकारलं तर कारण लेखी मागा, नाही दिलं तर स्वतः ईमेल करून ठेवा. मग कंपनीचं कस्टमर केअर, त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं आणि वकील केलाच पाहिजे असं नाही.

वाढीव वॉरंटी घ्यायची का, हेही याच दोन महिन्यांत ठरवा, मूळची संपल्यावर ती मिळणं अवघड होतं. गाडी वर्षभरात विकणार असाल तर घेण्याआधी दोनदा विचार करा. सात-आठ वर्षं ठेवायची असेल आणि गाडी ऑटोमॅटिक असेल, तर मी घेईन. सही करण्याआधी फक्त 'समाविष्ट नाही' हे पान वाचा. पुढच्या मालकाच्या नावावर होते का, तेही विचारून घ्या.

गाडी परत घ्यायच्या दिवशी घाई करू नका. 'काम समाधानकारक' या ओळीखाली सही करण्याआधी मेकॅनिकला शेजारी बसवा आणि आवाज जिथे यायचा, तसल्याच खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी फिरवून आणा.