पगार ‘ताठर’ म्हणजे कोणता पगार? पतधोरणावर लिहिताना या चुका टाळा

‘वेतन ताठर असते, म्हणून पतधोरणाचा रोजगारावर परिणाम होतो.’ अर्थशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत हे वाक्य हमखास सापडतं. पतधोरण म्हणजे मध्यवर्ती बँकेने व्याजदर आणि पैशाचा पुरवठा हाताळणं; ताठर म्हणजे सहज न उतरणारं. ते चूक नाही, पण अर्धवट आहे. कोणतं वेतन?

ताठर असतो तो बहुधा पगाराचा आकडा. त्या आकड्यात बाजारातून पिशवीत किती येतं, ते बदलत राहतं. ही गल्लत सगळ्यात महागात पडते. १९२५ मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री चर्चिल यांनी पौंड युद्धापूर्वीच्याच भावाने, म्हणजे ४.८६ डॉलरला, पुन्हा सोन्याशी बांधला. अर्थतज्ज्ञ केन्स यांच्या मते तो सुमारे १० टक्के चढा होता, म्हणजे ब्रिटिश माल परदेशात तेवढा महाग. आता निर्यात टिकवायची तर देशातली मजुरी तेवढी उतरायला हवी. खाणमालकांनी कपात पुढे केली. कामगारांचं उत्तर होतं, ‘पगारातून एक पेनी कमी नाही, कामात एक मिनिट जास्त नाही.’ मे १९२६ मध्ये सार्वत्रिक संप झाला. तो नऊ दिवसांत मागे घेतला गेला. खाणकामगार पुढे कित्येक महिने झुंजले आणि शेवटी हरले. पण देशभरची मजुरी काही हवी तशी उतरली नाही, बेकारी मात्र मुक्कामाला राहिली. सप्टेंबर १९३१ मध्ये सोन्याची गाठ सुटली, पौंड घसरला आणि खाणीच्या दारात वाटाघाटी न करता ब्रिटिश माल परदेशी गिऱ्हाइकाला स्वस्त झाला.

दुसरी चूक: सगळ्या पगारांना एकच माप. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता जानेवारी आणि जुलैपासून सुधारतो. तिथे आकडाच भावांमागे चालतो, त्यामुळे महागाईने श्रम फारसे स्वस्त होत नाहीत.

‘शेतमजुरांची संघटना नाही, म्हणजे मजुरी लवचीक’ असंही बिनदिक्कत लिहिलं जातं. अर्थतज्ज्ञ सुप्रीत कौर यांनी भारतातल्या जिल्ह्यांची आकडेवारी तपासली, तेव्हा उलटं दिसलं. चांगल्या पावसाने चढलेली मजुरी पुढच्या वर्षी पाऊस नेहमीसारखा झाला तरी उतरत नाही. कमी होतं ते काम. महागाई जास्त असेल तेव्हा ही अडचण सौम्य होते. मजुरी चढते सहज, पण उतरत नाही. म्हणूनच व्याजदर वाढवणं आणि कमी करणं यांचे परिणाम एकमेकांची आरशातली प्रतिमा समजू नका.

आणि सरासरीवर भिस्त ठेवू नका. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत सरासरी ताशी वेतन एकदम वर गेलं. पगारवाढ झाली नव्हती, कोविडमुळे कमी पगाराची माणसं काम जाऊन घरी बसली होती आणि सरासरीत जास्त पगाराचीच उरली होती.